पडलेलं गेज आणि आमचे परतमामा

आमच्या परतमामांनी कुठलीही वस्तू पहिल्या झटक्यात पास केल्याचं मी पाहिलं नाही. कँटीनचा चहासुद्धा ते एकदा परत पाठवायचे. मुकुंदवाडीच्या पुढं आमचा छोटा कारखाना आणि मामा तिथले मुख्य तपासनीस. लेथवरून आलेला बोल्ट ते भिंगाखाली धरायचे, आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि म्हणायचे, "परत." लेथवाल्यांनीच मग हे नाव पाडलं. मामांना ते ठाऊक होतं, आणि माझा अंदाज, आवडतही होतं.

मी तिथं इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा डिग्रीचा तोरा भरपूर होता. एरवी आम्ही गाड्यांचे बोल्ट करायचो, पण त्या वर्षी अवकाशात माणसं नेणाऱ्या यानाच्या खुर्चीचे बोल्ट आमच्याकडं आले. मालकांनी पेढे वाटले, मी गावभर सांगत सुटले. मामांनी मात्र एक पेढा खाल्ला, दुसराही घेतला आणि म्हणाले, "रस्त्यात गाडी बंद पडली तर मेकॅनिक येतो. वर कोण येणार?"

मामा रोज पैठणहून एसटीनं येत आणि वाटेत मोबाइलवर अवकाशातल्या अपघातांबद्दल वाचत. कुठं एका रबरी कड्यापायी आख्खं यान माणसांसकट गेलं, कुठं घरी परतताना शेवटच्या काही मिनिटांत सगळे संपले, हे आम्हाला सकाळच्या चहाबरोबर ऐकायला मिळे. मी एकदा वैतागून म्हटलं, की मामा, सकाळी सकाळी काहीतरी शुभ बोला. ते म्हणाले, की गेलेल्यांचे फोटो सगळे बघतात. त्या दिवशी त्यांच्या घरी कुणीतरी वाट बघत बसलं असेल, तिकडं कुणाचं लक्ष जात नाही. त्यानंतर मी त्यांना अडवलं नाही.

मामांचा एक कडक नियम होता. मोजायचं गेज जमिनीवर पडलं की ते वापरायचं नाही, आधी तपासायला पाठवायचं. दिसायला साधा पोलादी तुकडा, पण केसभर जरी बिघडला तरी वाईट बोल्टला चांगला म्हणणार. आणि खुर्चीचे बोल्ट मोजताना नेमकं तेच माझ्या हातून पडलं. आसपास कुणी नव्हतं, माल न्यायला गाडी दारात उभी होती. मी गेज ओढणीनं पुसलं आणि त्यानंच उरलेले बोल्ट मोजले. मामांनी सवयीप्रमाणं सगळे परत मोजले, पण त्याच गेजनं. मग सही केली आणि माल गेला.

तीन दिवस मला घास गोड लागला नाही. सांगितलं तर नोकरी जाणार. त्यात मामा पंधरा दिवसांनी निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या सहीचा माल आजवर कधीही परत आला नव्हता. चौथ्या दिवशी मात्र मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता खरडपट्टी. मामांनी आधी मला पाणी दिलं, मग मालकांकडं जाऊन माल परत मागवायला सांगितलं. मालक भडकले. बोल्ट कदाचित चांगलेही असतील, म्हणाले.

"असतील की," मामा म्हणाले. "पण त्या कदाचितवर माणूस बसणारंय."

माल परत मागवायच्या पत्रात कारण लिहायचं होतं. मामांनी लिहिलं, की पडलेल्या गेजनं बोल्ट मोजले गेले, सही माझी, म्हणून चूकही माझीच. मालकांनी मला चांगली तंबी दिली, पण मामांच्या शब्दाखातर नोकरीवर ठेवलं.

बोल्ट परत आले. मामांनी नव्या गेजनं एकेक मोजला. सगळेच्या सगळे चांगले निघाले! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा मात्र दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी पैठणहून जिलबी घेऊन आले.

निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना मालक थट्टेनं म्हणाले, की एवढ्या वर्षांत मामांचा एकच माल परत आला. सगळे हसले, मामाही हसले. मी मान खाली घातली. संध्याकाळी त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेले तेव्हा राहवलं नाही. बोल्ट तर चांगलेच होते, माझ्यापायी तुमच्या नावाला उगाच बट्टा लागला, असं म्हणता म्हणता मला रडू फुटलं.

बस लागली होती. मामांनी नारळ माझ्या हातात दिला, शाल काखेत मारली आणि पायरीवर पाय ठेवला.

"येडी का काय तू? माझं नाव जाणारंय का वर? माणूस जाणारंय. तो सुखरूप खाली यील, घरी जाऊन जेवंल. इथं एवढं काय झालतं, ते त्याच्या बायकोला जल्मात कळायचं नाय. नाय कळलं, म्हंजी आपलं काम झालं, पोरी."