लेन्स घेतली, बॉडी ऱ्हायली

आता तुमाला वाटत असंल, फोटोग्राफर पोरगं लिवतंय म्हणजे आजोबाचा रोलचा जुना कॅमेरा माळ्यावर सापडणार, पोरगं त्यातनं जगाकडं बघणार, आन शेवटी असा एक फोटो निघणार की सगळी गप. न्हाय हो. आमच्या आजोबानं जन्मात एकदाच फोटो काढून घेतला, मतदान कार्डाला, आन त्यातबी डोळं मिटलं. नायतर तुमाला वाटत असंल, बॉडी घ्यावी का लेन्स, ते हा आता समजावून सांगणार. तेबी न्हाय. मी लेन्स घेतली आन चुकलो. माझ्या आत्याला तिच्या पोरीच्या लग्नात एकच फोटो पायजे होता, तिच्या भावाचा. तिचा भाऊ म्हणजे माझा बाप. तो फोटो माझ्या हातनं गेला. एवढीच गोष्ट हाय, पर सांगायला बसलो तरी त्या लेन्सच्या ओझ्यानं उजवा खांदा दुखतोय.

बारामतीत एका स्टुडिओत मी लग्नाचे फोटो काढतो. दाट तिथी असली की सकाळी एक गाव, संध्याकाळी दुसरं. दुपारचं जेवण गाडीत, मांडीवर बॅग, बॅगंवर पत्रावळी. आमच्याकडं लग्न लागायच्या आधी तासभर सत्कार चालतो. सूत्रसंचालक माइक गिळायच्या बेतात असतो, "आपल्या व्यस्त कार्यक्रमातून वेळात वेळ काढून खास उपस्थित असलेले..." आन प्रत्येकाला फेटा, शाल, नारळ, आन प्रत्येकाचा फोटो. मग जेवणावळीत, "दादा, आमचा एक." "दादा, ह्यांचा एक घ्या." "दादा, ह्या मोबाईलमधी बी एक काढा की." नकला करायची खोड मला शाळंपासनं हाय, त्यामुळं ही सगळी माणसं माझ्या गळ्यात ऱ्हायला आल्यात. झोपंत मी "काकू, जरा आत सरका" म्हणतो असं आई सांगती.

आता फेट्याचं सांगितलं पायजे. सहा वर्सांमागं आत्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती, निमगाव केतकीला. सत्कार सुरू झाले. खताच्या दुकानदाराला फेटा, बोअर मारणाऱ्याला फेटा, कुणाच्या तरी साडूला फेटा. आबांपर्यंत, म्हणजे माझ्या बापापर्यंत, येस्तवर फेटे संपले. नाव पुकारायचंबी ऱ्हायलं. सख्खा भाऊ टोपी घालून तिसऱ्या रांगेत बसलेला. आबा उठले, चपला घातल्या, न जेवता घरी आले. आत्या बिचारी आत पुरणाच्या पातेल्यापाशी होती, तिला दुसऱ्या दिवशी कळलं. तवापासनं आबा तिच्या दारात गेले न्हाईत. ती दोनदा आली तर आबा मोटर चालू करायला म्हणून मळ्यात.

मधी मी. गावावरनं बारामतीला जाताना निमगाव वाटंतच. आत्या चहा टाकायची आन पाठ फिरवून आबांचं इचारायची, "काय म्हणतो रं दादा?" मी आधी आबांचा खोकला काढायचो, दोन लहान एक मोठा, मग खालच्या आवाजात, "चाललंय की. ऊस बरा हाय." आत्या हसायची, पदर डोळ्याला लावायची, आन म्हणायची, "आजून काढ." घरी आबा कधी नाव काढायचे न्हाईत. फकस्त म्हणायचे, "निमगावावरनंच आलास न्हवं?" मी म्हणायचो व्हय. "मग?" ह्या 'मग'चा अर्थ, आता तिचा आवाज काढ. सहा वर्सं दोघांनी एकमेकाला माझ्याच तोंडातनं ऐकलं. फी न्हाय, सुट्टी न्हाय.

तर आत्याच्या पोरीचं लग्न ठरलं त्या साली दोन हंगामाचं साठवून माझ्याकडं एका वस्तूपुरतं झालं. बॉडी नायतर लेन्स. ज्यांना ह्यातलं कळत न्हाय त्यांच्यासाठी, बॉडी म्हणजे कॅमेऱ्याचं धूड, ज्यात फोटो उमटतो. लेन्स म्हणजे पुढचा डोळा. माझी बॉडी जुनी होती. उजेड कमी पडला की फोटोवर ज्वारीचं पीठ सांडल्यागत दाणं यायचे, नवरीच्या गालावर तर पयले. नवी बॉडी अंधारातबी स्वच्छ काढती. मालक, म्हणजे स्टुडिओचे मालक, माणूस शांत, गुटखा सोडल्यापासनं बडीशेप खाणारा. त्यांनी एकदाच सांगितलं.

"बॉडी घे."

"मालक, पर लेन्सनं लांबचं..."

"लग्नं काय उन्हात लागत्यात व्हय रं? समदी हॉलात. बॉडी घे."

मी दिवसभर स्टुडिओत त्यांचीच नक्कल करत फिरलो, बडीशेप चघळत, "बॉडी घे, बॉडी घे." सगळी हसली. आन मी लेन्स घेतली. लांबचं जवळ आणणारी, सत्तर ते दोनशेची, टू पॉइंट एटची, पांढरी, दुधाच्या किटलीएवढी.

का घेतली ते खरं सांगतो. हंगाम संपता संपता एका सकाळी ती लेन्स भाड्यानं घेऊन मी पळसदेवला गेलो होतो. धरणाचं पाणी उतरलेलं, बुडालेल्या देवळाचा कळस आन बराच भाग उघडा पडलेला. एका तात्यांची होडी केली. तात्या मूळचे मासं धरणारे, आता सकाळच्या टायमाला फोटोवाल्यांना फिरवत्यात. त्यांनी बांबूनं होडी अशी सरकवली की पाण्याला कळलं न्हाय. पुढं फ्लेमिंगोंचा थवा, एका पायावर, माना पाण्यात. मी लेन्स लावली आन एक पाखरू डोळ्यात आलं. मागचं पाणी, गाळ, दुसरी होडी, समदं लोण्यागत इरघळलं. तासभर मी बटण दाबत होतो आन एकबी पाखरू म्हणलं न्हाय, "दादा, आमचा एक." एकानं बी मान वळवून इचारलं न्हाय की पेनड्राइव्ह कधी देता. मला झोप आल्यागत झालं, चांगली झोप. गमतीनं मी त्यांच्यागत आवाज काढला तर तात्या म्हणले, "गप की. त्यांना कळतंय तू त्यांच्यातला न्हाईस."

बस, तिथंच ठरलं. माणसांना कंटाळलेल्या पोरानं पाखरांसाठी लेन्स घेतली. आन पाखरांकडं जायला एक दिवस घावला न्हाय. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, आन मी ती किटली गळ्यात घालून परत हॉलात.

आत्याचा फोन आला तवा मी एका अल्बमचं काम करत होतो. पोरीचं लग्न ठरलं होतं, मुलगा वालचंदनगरचा, लग्न निमगावातच. म्हणली, "हे बघ, मला ड्रोन न्हाय पायजे. त्या डोंगरावर जाऊन पळायचं शूटिंग न्हाय पायजे. पोरगी पाटावर उभी ऱ्हायली की मागं तिचा मामा उभा असतो. तेवढा एक फोटो दे मला. दारातनं आत आलं की पयला दिसंल असा लावायचाय."

"आन आबा आलेच न्हाईत तर?"

"तू हायस की. आण त्याला."

मी घरी गेलो. आबा ठिबकची फाटलेली नळी जोडत बसले होते. त्यांनी 'मग?' म्हणायच्या आधीच मी आत्याचा आवाज काढला, होता तसा, पार शेवटच्या 'आण त्याला'पर्यंत. आबांचा हात थांबला. म्हणले, "परत म्हण." मी परत म्हणलो. त्यांनी नळी जोडली, पाणी सोडून बघितलं, गळती न्हाय ह्याची खात्री केली आन मग बोलले, "धोतर इस्त्रीला टाक."

लग्नाच्या दिवशी आत्याच्या नवऱ्यानं पयला फेटा आबांना सोता बांधला. माइकवर न्हाय, आतल्या खोलीत, गपचिप. आत्या दारात उभी. दोघं भाऊ-बहीण काय बोलली म्हणाल तर आत्या म्हणली, "जेवला न्हाईस न्हवं?" आन आबा म्हणले, "जेवतो की नंतर." सहा वर्सांचं भांडण तेवढ्यात मिटलं. माझी मात्र नोकरी गेली, आता कुणाचा आवाज काढायचा?

मुहूर्त गोरजाचा. त्या दिवसातलं माझं ते दुसरं लग्न, सकाळचं एक झालेलं. पायाचे तळवे पेटलेले. हॉलात उजेड म्हणाल तर जांभळा आन लाल, नवरीच्या एंट्रीसाठी केलेला, तो परत पांढरा करायचं कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय. स्टेजवर सत्कार झालेली माणसं उतरायचं नाव घेईनात. पुढं जायला जागा न्हाय, म्हणून मी लांब खुर्चीवर चढलो, लांबचीच लेन्स होती की. सूत्रसंचालक ओरडला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" आबा ताईला, म्हणजे आत्याच्या पोरीला, घेऊन आले. अंतरपाट धरला. ताई पाटावर, तिच्या मागं हातभर अंतरावर आबा, फेटा, नवं धोतर, हात ताईच्या खांद्यामागं धरलेले, शिवतील न शिवतील असे.

आता जुन्या बॉडीला तो उजेड पुरंना. दाणं येऊ नयेत म्हणून मी लेन्स पुरती उघडली. पुरती उघडली की उजेड भरपूर येतो, पर एकच थर स्पष्ट ऱ्हातो. त्याच्या पुढचं-मागचं इरघळतं. मी ताईच्या डोळ्यावर नेम धरला, हातानं आपोआप, जसं रोज धरतो. गिऱ्हाईक रोज हेच मागतं, "मागचं ब्लर करा की जरा." मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता पडल्या, ताईच्या डोळ्यातनं पाणी आलं, मी दाबत ऱ्हायलो. कॅमेऱ्याच्या मागच्या बारक्या पडद्यावर बघितलं, ताई सुंदर दिसत होती, मागं फेटाबी दिसत होता. बास म्हणलं. दमलो होतो. मोठं करून बघायचा कंटाळा आला.

ग्रुप फोटोला आबा न्हवते. त्या रातची कॅनॉलच्या पाण्याची पाळी आमची होती, ते दोन घास खाऊन पाळी धरायला निघून गेले.

आठ दिवसांनी आत्या फोटो निवडायला एसटीनं बारामतीला आली. स्टुडिओतल्या मोठ्या पडद्यासमोर बसली, चष्मा पुसला. हळदीचे फोटो झाले, रुखवताचे झाले. मग ते आले. एक, दोन, दहा, चाळीस. प्रत्येकात ताईची एक-एक पापणी मोजून घ्यावी. आन मागं भगव्या रंगाचा एक गोळा, त्याच्याखाली गव्हाळ रंगाचा एक गोळा.

"दादा कुठाय?"

"ह्यो काय, मागं."

"कुठं?"

मी पडद्यावर बोट ठेवलं. "ह्यो फेटा. हितं तोंड."

आत्या पडद्याजवळ गेली. मग लांब गेली. मग चष्मा काढून बघितलं. मला आधी वाटलं, चष्म्याचा दोष म्हणंल, सुटलो. मग तिनं मालकांकडं बघितलं. मालक हळूच म्हणले, "नवी बॉडी असती तर लेन्स थोडी मिटता आली असती, वहिनी. दोघंबी स्पष्ट आले असते." मला म्हणले असते तर बरं, ते तिला म्हणले.

मी व्हिडिओतनं एक चित्र काढून दाखवलं. त्यात नेमकं भटजींचा माइक आबांच्या तोंडावर. दुसऱ्यात कुणाचा तरी अक्षता टाकणारा हात. मी म्हणलं, आत्या, परत काढू की, आबांना आन ताईला उभं करू, पाट आणू. आन तोंडातनं सवयीनं निघून गेलं, दोन लहान एक मोठा खोकला, "चाललंय की..."

"गप बस!" आत्या अशी ओरडली की बाहेर पासपोर्ट फोटोला बसलेला माणूस उठून उभा ऱ्हायला. "गप. एक शबुद काढू नकोस. परत काढू म्हणं. परत लग्न लावतोस व्हय तिचं? परत तो तसा उभा ऱ्हानार हाय व्हय? मी सहा वर्सं त्या एका गोष्टीची वाट बघितली आन तू काय केलंस, पापण्या काढल्यास. पापण्या मला रोज दिसत होत्या घरात. तुझं यंत्र येडं असंल, त्याला कळत नसंल मागं कोण हाय ते. तुला कळत न्हवतं? तुझा बाप उभा होता तितं. सोताचा बाप. पाखरांच्या मागं फिरायला लेन्स पायजे तुला, आन बाप उभा ऱ्हायलाय हातभर मागं तर त्याचा धूर केलास. आता दादानं इचारलं, लावलास का गं फोटो, तर काय दावू मी त्याला? हे दावू? म्हणू, हा बघ तू? तवा फेटा ऱ्हायला, आता तोंडच ऱ्हायलं. तो पुना बोलंल माझ्याशी? सांग की. आन खाली काय बघतोस? वर बघ. वर बघ म्हणते न्हवं!"