पेंढा भरलेली भिंत

जांबे गावातल्या आमच्या घरमालकांनी एका मोठ्या खोलीच्या दोन केल्या, मधे फायबरचे दोन पत्रे उभे करून. आवाज अडावा म्हणून पत्र्यांच्या पोकळीत घरच्याच भाताचा पेंढा ठासला. एकीकडे मी राहतो, दुसरीकडे ते.

खोली दाखवताना ते पलीकडे जाऊन "ऐकू येतंय का" असं ओरडले होते. मी "हो" म्हणालो. "तुमी कान देताय म्हणून येतंय," ते शांतपणे म्हणाले.

वर्षभरात पेंढा दबून कमरेपर्यंत खाली बसला. तेव्हापासून खाजगी बोलायचं असेल तर मी जमिनीवर बसून बोलतो. गेल्या आठवड्यात तापात भान राहिलं नाही. आईला फोनवर उभ्यानंच सांगितलं, की मेसचं जेवण जात नाही. अर्ध्या तासात मालक भाकरी-पिठलं घेऊन दारात.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तोंडावर दिसतंय की."

त्या दिवशी माझं तोंड त्यांनी मी दार उघडल्यावरच पाहिलं होतं.

संध्याकाळी मी मुद्दाम उभा राहून आईला म्हणालो, पिठलं झकास होतं, मीठ जरा कमी. दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर पडलं.

काल वरच्या मजल्यावरची अशीच खोली बघायला एक जोडपं आलं. मालकांनी त्यांना माझ्या खोलीत आणून पत्र्यावर बोटानं टकटक केली. "आवाज जायाचा न्हाई. ह्यांना इचारा."

ताप उतरून चार दिवस झाले होते. पिठलं अजून चालू होतं.

"अजिबात जात नाही," मी म्हणालो.