वीस पावलांची नळयोजना

रोह्याच्या बाजारात अय्यूब मुकादमांचं शिलाईचं दुकान होतं, पण लोक त्यांना ओळखत ते 'पेपरवाले अय्यूबभाय' म्हणून. पेणहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाचे ते वार्ताहर. बातमी लिहून पाकीट दुपारी तीनच्या पेण एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची, हा त्यांचा अकरा वर्षांचा शिरस्ता.

१९९४ च्या एप्रिलमध्ये सगळा बाजार एकाच किश्शावर पोट धरून हसत होता. खाडीकाठच्या एका गावात नळयोजनेचं उद्घाटन झालं. पाहुण्यांनी तोटी फिरवली, पाणी आलं, टाळ्या पडल्या. भाषण रंगात आलं आणि धार आटली. तेवढ्यात समाजमंदिराच्या गच्चीवरून आवाज आला, "पिंप संपलं वो सरपंच, आता काय करू?" वर पंचायतीचा शिपाई मोरू पिंपात सोडलेली रबरी नळी धरून उभा!

संपादक हैबतराव फोनवर हसून हसून खोकले. "'गमतीजमती' सदरात टाकू. बातमी कसली त्यात, अय्यूबमियाँ?"

ही गंमत की बातमी, अय्यूबना ठरवता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकलने त्या गावात गेले. डोक्यावर हंडा घेतलेल्या चंद्रावतीने त्यांना अडवलं.

"तुमीपन हसायलाच आलाव?"

तिने समाजमंदिरामागे नेलं. पाइप जमिनीत शिरला होता खरा. वीस पावलांवर त्याचं टोक मातीतून बाहेर डोकावत होतं. पुढे नुसतं शेत.

अडीचला ते दुकानात लिहायला बसले, तोच मोरू धापा टाकत आला.

"अय्यूबभाय, माजं नाव नको. सरपंच कामावरना काढंल."

"सगळ्या बाजाराला ठाऊक हाय, मोरू."

"बाजार हसतो नि इसरतो. पेपरातलं कुनी इसरत नाय."

समोर सरपंचांच्या पुतण्याची मोटारसायकल येऊन थांबली. तो उतरला नाही, नुसता दुकानाकडे बघत राहिला. गच्चीवरची मोरूची आरोळी गाळली तर गंमतच मरणार, आणि कोरडी बातमी हैबतराव छापतील कशाला? पावणेतीन झाले. त्यांनी लिहिलेला कागद फाडला. नवीन कागदावर पाइप किती पावलांवर संपतो, पाणी कोण कुठून आणतं, एवढंच लिहिलं. गळ्यात टेप तशीच ठेवून ते मोटारसायकलसमोरून स्टँडकडे धावले. गाडी सुटता सुटता पाकीट कंडक्टरच्या हातात पडलं.

"गंमत सगळी काढलीत की हो!" हैबतराव फोनवर करवादले. पण शनिवारी बातमी पहिल्या पानावर होती. पंधरवड्यात तालुक्याहून माणसं येऊन पाइप मोजून गेली. मोरूचं काम टिकलं. सरपंचांच्या घरचं शिवणकाम मात्र कायमचं कोलाडच्या शिंप्याकडे गेलं. चंद्रावतीच्या दारात पाणी पोचायला पुढचं वर्ष उजाडलं.

"पस्तावलात?" जमिलाने एकदा नवऱ्याला विचारलं.

"नाही," अय्यूब म्हणाले. "पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही खूप हसलो होतो गं."