शेवटच्या गाडीचं निशाण

धुरपदा स्कूटीवर शेवंतीचा क्रेट बांधून रोज दौंडच्या बाजारात जायची. वाटेत भीमेवरचा इंग्रजांच्या काळचा पूल लागायचा. रूळ त्याच्यावरच आणि रस्ताही त्याच्यावरच. आगगाडी यायची असली की दोन्हीकडची फाटकं लागत. त्याआधी शिरूरकडच्या फाटकावरून पुलावर सोडलेल्या शेवटच्या गाडीवाल्याच्या हाती लाल निशाण देत. ते दौंडकडचं फाटक सांभाळणाऱ्या नॅन्सीच्या हातात पडलं की पूल मोकळा झाला असं समजायचं.

त्या सकाळी निशाण धुरपदाकडं आलं. तिनं ते क्रेटमध्ये खोचलं. एरवी नॅन्सीशी दोन शब्द बोलल्याशिवाय ती पुढं जात नसे. पण रविवारी चर्चसाठी दिलेली शेवंती बघून नॅन्सी म्हणाली होती, "अक्का, कालची उरलेली आणलीस व्हय गं?" तेही धुरपदाच्या सुनेदेखत. फुलं खरंच कालची होती, म्हणून तर जास्त झोंबलं.

धुरपदानं तोंड फिरवून स्कूटी दामटली. अक्का थांबली नाही, म्हणजे निशाण मागच्या कुणाकडं असणार, असं समजून नॅन्सी वाट बघत राहिली.

बाजारात क्रेट उपसताना निशाण धुरपदाच्या हाताला लागलं. तडक फिरायला हवं होतं. पण गिऱ्हाईक समोर उभं. "एवढं देते आन् जाते," म्हणत म्हणत तिनं सगळी शेवंती विकली.

परतली तेव्हा आगगाडी बराच वेळ खोळंबून गेलेली होती. नॅन्सीनं अखेर पूल पायी तपासला, मागं कुणीच नाही म्हणजे निशाण अक्काकडंच गेलं हे ओळखलं आणि गाडी सोडली होती. आता ती रेल्वेच्या साहेबांपुढं मान खाली घालून उभी होती. धुरपदाला बघताच तिनं डोळ्यांनी खुणावलं, जा. धुरपदाला वाटलं, रागानं हाकलतीय.

"सायेब, निशाण माझ्यापाशी ऱ्हायलं. मी रोजची हाय हितली. बाईंवर रुसले आन् न थांबताच गेले. त्यांची काय बी चूक न्हाई."

साहेब नॅन्सीकडं वळले. "तुम्ही तर म्हणालात, कुणी परका माणूस घेऊन गेला?"

नॅन्सीनं होकारार्थी मान हलवली.

"चुकीबद्दल नुसती समज देऊन सोडलं असतं, बाई. खोटं बोललात. आता वर कळवावं लागणार."

नॅन्सीनं धुरपदाच्या हातून निशाण घेतलं. "खूण केली होती ना गं मी तुला," एवढंच म्हणाली.

तिनं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं धुरपदाला वाटलं.