उजवीकडे कललेली जीप

जीपवाल्या काकांची हयात खाणीवरच्या माणसांची ने-आण करण्यात गेली. त्यांच्या भारदस्त देहाखाली जीपची उजवी बाजू दबत गेली, ती दबलीच. पण डावीकडे काकू बसल्या आणि त्यांना डुलकी लागली, की उतारावरून घरंगळावं तसं त्यांचं डोकं अलगद काकांच्या खांद्यावर यायचं. मग काकांना रस्ता ढगांतून चालल्यासारखा वाटे.

"उजवी स्प्रिंग पार बसलीय," मेकॅनिक म्हणाला. "दोन्ही नव्या टाकू. मऊ हव्यात की कडक?"

काका बराच वेळ स्प्रिंगा हातात तोलत राहिले. मग हळूच म्हणाले, "डावी कडक आणि उजवी मऊ, असं चालेल?"

"डोकं ठिकाणावर आहे ना काका? जोडी एकसारखीच लागते!"

काकांनी नाइलाजाने एकसारखी जोडी बसवून घेतली.

संध्याकाळी काकूंना घेऊन ते निघाले. जीप संथ पाण्यातल्या होडीसारखी सरळ चालली होती आणि काकांचा जीव खालीवर होत होता. काकूंनी जांभई दिली, डोळे मिटले आणि त्यांचं डोकं अलगद काकांच्या खांद्यावर आलं.

इतकी वर्षं काका उगाच स्प्रिंगचे उपकार मानत होते.