छातीचे ठोके मोजणारं बनियन

माझी सारी नोकरी कामठीच्या पॉवरलूमवर झाली. कापड चिमटीत धरलं की सूत कसलं ते मला कळतं. मुलीनं पुण्याहून पाठवलेलं ते काळं बनियन हातात घेतलं आणि डोकंच फिरलं. सगळं प्लॅस्टिकचं सूत! नागपूरच्या मे महिन्यात हे अंगात घालायचं! छातीवर बटणाएवढं यंत्र. ते ठोके मोजणार आणि पुण्यात तिच्या मोबाइलवर कळवणार. रोज चार्ज करायचं, पिळायचं नाही, उन्हात वाळवायचं नाही.

"उन्हात चालत नाही तर नागपूरले पाठवलं काहून?" मी फोनवर विचारलं.

"बाबा, तुम्हाले बीपी आहे. मले इथं झोप लागत नाही."

घातलं. मग जिना चढलो की फोन, नळाच्या पाण्यावरून भांडलो की फोन. एकदा तर शिंका आल्या म्हणून फोन.

एका दुपारी मी स्टुलावर चढून कूलरच्या जाळ्यांतली वाळ्याची जुनी खस ओढून काढत होतो. मोबाइल आतल्या खोलीत. मी उचलत नाही म्हटल्यावर मुलीनं शेजाऱ्याला फोन केला. तो बायकोला आणि वरच्या भाडेकरूला घेऊन धावत आला आणि मला उतरवून दिवाणावर आडवं केलं.

"काका, हलू नका. ठोके वाढून राहिले तुमचे!"

"अरे, कूलरची खस बदलून राहिलो न गा मी!"

त्याच्या मोबाइलमधून मुलगी ओरडत होती, "बाबा, खोटं नका बोलू. इथं लाल दिसून राहिलं!"

माझ्या छातीबद्दल सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला विचारायला कोणी तयार नव्हतं.

एवढ्यात माझ्या बायकोनं सगळ्यांना चहा आणला. शेजाऱ्यानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. साखरेऐवजी मीठ. सगळे हसले, ती हसली नाही. चौकट धरून उभी होती. मी उठून तिचं मनगट धरलं. चटका बसला. बाकी आम्ही सगळे घामानं निथळत होतो आणि तिचा ब्लाउज काखेतसुद्धा कोरडा ठणठणीत.

"काहून वं, तुले घाम नाही?"

"मले काय झालं? पोरगी शाळेतून आली का, ते पाहा."

शाळा कधीच संपलेली ती पोरगी मोबाइलमधून ओरडली, "बाबा, आईले आधी दवाखान्यात न्या!"

ओल्या चादरीत गुंडाळून आम्ही तिला ऑटोत घातलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. दोन दिवस ती छतावर कुरडया घालत होती, पुण्याला पाठवायच्या. मी घरातच होतो, आणि मला कळलं नाही. मला राग बनियनाचा होता की स्वतःचा, ते मी अजून ठरवू शकलो नाही.

दुसऱ्या सकाळी मुलगी आली. आईच्या पायाशी बसून रडली. बायकोला घरी आणलं त्या संध्याकाळी मुलगी मोबाइल काढून म्हणाली, "आईसाठी पण मागवते. बायकांचं वेगळं येतं."

मी कपाळावर हात मारला.

"मले काही आणू नको वं," बायको पडल्या पडल्या म्हणाली. "चार दिवस राहा, अन् त्या कुरडया उचलून ठेव."

ती राहिली. निघताना मला चार्जिंगची आठवण करून दिली. मी हो म्हणालो आणि केलं नाही.

आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. "आधी आईले द्या," म्हणते. दोघी अर्धा अर्धा तास बोलतात, आणि मला बाहेर जाऊन बसायला सांगतात.