वनाचा ढोल आणि रहीमचाचांची घोडी

भडगावात घोड्यांवर सगळ्यात जास्त जीव कोणाचा, तर वना ढोलवाल्याचा. आणि घोड्यांना सगळ्यात जास्त धास्ती कोणाची, तर तीही वनाचीच! ढोल वाजला की बैलसुद्धा दावं तोडायचे. म्हणून रहीमचाचांची वरातीची अबलख घोडी तो लांबून, कडुनिंबाआडून बघायचा. तिनं नुसती मान झटकली तरी हा खूश!

सन छत्तीसच्या लग्नसराईत ढोल दणाणला, घोडी उधळली आणि नवरदेव मुंडावळ्यांसकट गिरणा नदीच्या वाळूत बसला. चाचा कडाडले, "आणखी एकदा उधळली, की सारंगखेड्याच्या घोडेबाजारात विकून टाकीन!"

वना पुढं धावला. "चाचा, इकू नका. मी शिकाडस तिले."

"तू? अरे, तुझ्यामुळंच तर पळते ती!"

"म्हणीसनच!"

मग रोज संध्याकाळी चाचांनी घोडीच्या तोंडाला हरभऱ्याचा तोबरा बांधायचा आणि वनानं नदीच्या पलीकडच्या काठावर बसून ढोल बोटांनी हलकेच वाजवायचा. तिनं कान टवकारले की हा गप्प. ती पुन्हा खाऊ लागली की ह्याची टकटक सुरू. काठावरून पाण्यात, पाण्यातून अलीकडच्या वाळूत, असा तो सरकत आला. बोटांच्या जागी टिपरी आली. बायको, तानुबाई, वैतागली, "घोडीले ढोल ऐकाडतस, आन् मनी हाक तुमले ऐकू येस नही!"

अखेर चुडामण पाटलांच्या लेकाचं लग्न आलं. नवरदेव घोडीवर बसला, जीव मुठीत धरून. वनानं देवाचं नाव घेतलं आणि टिपरी हाणली. धडाड्‌धूम!

घोडी वळली आणि निघाली. "पयनी रे पयनी!" बाया ओरडल्या. पण ती उधळली कुठं? ती तडक ढोलाकडेच आली! ढोल म्हणजे हरभरे, एवढं तिला पक्कं ठाऊक झालेलं. वना वाजवत मागं सरकला, ती पुढं. तो बोळात शिरला, तीही शिरली. आणि मागोमाग अख्खं वऱ्हाड.

"थांबू नको रे, मांडवाकडं ने!" चाचा ओरडले.

वना उलट्या पावलांनी मांडवाकडे निघाला. घोडीनं त्याच्या फेट्याचा शेमला तोंडात धरला, खांदा हुंगला. ते मऊ, गरम नाक गालाला लागत होतं, आणि दोन्ही हात ढोलात अडकलेले! हात लावायची काही सोयच नव्हती.

मांडवाच्या दारात चाचा पोट धरून हसले. "आता हिला विकायचं, तर तुलाही सोबत द्यावं लागेल. कोण घेईल रे तुला?"

वना वाजवतच होता.